फाटकाबाहेरचं गाणं

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागली. घरी येऊन साडी न बदलताच माळ्यावरून व.नी बांधलेला कागदी तारा काढला.

कागद उंदरांनी खाल्लाय. सगळा. कागदासाठी नाही, खळीसाठी. व. कणकेच्या खळीत मोरचूद घालायचे, तरी. उरलाय नुसता कामट्यांचा सांगाडा. पाचही टोकं शाबूत. सुतळीच्या गाठी दोनदा फिरवून शेपूट आत खोचलेलं. एक सोडवून पाहिली. सुटेना. बरं वाटलं.

३ डिसेंबर

रेणूचं कुरियर. बंगळूरहून एलईडीची माळ, इतकी लांब की पलंगावर मांडली तर पलंग दिसेना. सोबत बोटाएवढा रिमोट. तिचा फोनही लगेच. "मम्मी, यंदा रंगीत लाव हं. वर्ष होऊन गेलंय." माझ्या मनात होतं ते तिनेच बोलून टाकलं. तिला सुट्टी नाही. नाताळात हॉस्पिटलात सगळ्याच नर्सना घरी जायचं असतं, तिने दुसऱ्यांना जाऊ दिलं. बापासारखी आहे, व.सारखी. आनंद मानावा की

फोन ठेवल्यावर गेल्या वर्षीचं आठवत बसले. ऑगस्टात व. गेले आणि नाताळात दारावर पांढरा तारा. आमच्या गल्लीची जुनी रीत. ज्या घरी वर्षात मयत झालंय तिथे पांढरे दिवे. कॅरलवाली मंडळी ते पाहून ढोलकी बगलेत धरतात, फाटकाबाहेर उभं राहून एकच सावकाश गाणं म्हणतात, आमेन, आणि पुढे. आत यायचं नाही, चहा घ्यायचा नाही. दुःखातल्या माणसावर पाहुण्यांचं ओझं नको. रीत चांगली आहे. मी स्वतः किती फाटकांबाहेर तशी उभी राहिले आहे. व्हरांड्यात हात जोडून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मात्र कधी नीट पाहिला नव्हता. गेल्या वर्षी ती बाई मी. आणि सारखं वाटत होतं, कोणीतरी फाटक ढकलावं.

६ डिसेंबर

शेजारची चंद्रकला माळ बघून गेली. तिच्या दिवाळीच्या माळा अजून गॅलरीतच लोंबतायत. म्हटलं, काढत का नाहीस? "काडायच्या कशाला? आता तुमचा सन हाय. तुमचा झाला की संक्रांत. तवर पुढची दिवाळी येती." मग रिमोट उलटसुलट करून, "पोरीनं धाडली व्हय? जावई आनायचा सोडून माळा धाडती!"

हसले. आज पहिल्यांदाच मोठ्याने.

७ डिसेंबर, रवि.

बोर्डिंगमधला नाताळ आठवला. नगरला, कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात सिस्टर आम्हाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी जमवून तारे कापायला लावायच्या. (सिगारेटची पाकिटं मुलींनी कुठून आणायची, हे त्यांनी कधी विचारलं नाही.) गव्हाणीवर कापसाचा बर्फ. आम्ही कोणी बर्फ पाहिलेला नव्हता. सिस्टरनी पाहिला होता, त्या म्हणायच्या, कापूस बरा. मी माझा तारा खोलीत उशाशी टांगला तर त्यांनी काढून रस्त्याकडच्या खिडकीत लावला. "दिवा आपल्याला दिसायला नसतो. जाणाऱ्याला दिसायला असतो." रडले होते. नऊ-दहा वर्षांची असेन.

१० डिसेंबर

माळ चढवली!

मी स्टुलावर, चंद्रकला स्टूल धरून. "बाई, पडू नका. पडलात तर मला पोलीस धरतील, म्हातारीला ढकललं म्हनून." म्हातारी कोण, म्हटलं. "मी न्हाई." व्हरांड्याच्या कठड्याला, खांबांना, मग जास्वंदीवरून फाटकापर्यंत. शेवटचा भाग फाटकावर टांगलेल्या व.च्या ताऱ्याच्या सांगाड्याला गुंडाळला, प्रत्येक कामटीवरून. कागद नाही, बल्ब नाही. पण संध्याकाळी लावलं आणि फाटकाबाहेर जाऊन पाहिलं तर तारा उभा. लाल, मग निळा, मग हिरवा. उसाची ट्रॉली चालली होती कारखान्याकडे, गाणी लावून. ड्रायव्हरने माझ्याकडे बघून हात केला. तारा बघून असेल.

व. असते तर म्हणाले असते, वायर दिसतेय. वायर दिसत होती.

१२ डिसेंबर

लाईट गेली, आली. आल्यावर माळ सगळी पांढरी. रेणूला फोन. ती ड्यूटीवर, दबक्या आवाजात, "मम्मी, लाईट गेली की ती पहिल्यापासून सुरू होते. पहिलं पांढरं असतं. तू फक्त रंगाचं बटण दाब." दाबलं. झाले रंग. रिमोट आता पदराला बांधून ठेवावा म्हणते.

१५ डिसेंबर

चंद्रकलेने आज सुनावलं. मी म्हटलं होतं, हल्ली कोणी येत नाही. तिचं माहेर शिंगणापूरचं. "आमच्या माहेरी घराला दारच न्हाई. कोन बी येतं, बसतं, पानी पिऊन जातं. अन् तुमी दिस बुडायच्या आत फाटकाला कुलूप घालता, वर म्हन्ता कोन येत न्हाई. कुलूप काय बोलीवतं व्हय मान्साला?"

राग आला. तासाभराने गेला. व. गेल्यापासूनच लावते मी कुलूप. चोराची भीती नाही. संध्याकाळी कोणी येणार नाही हे आपणच ठरवून टाकलं की वाट बघावी लागत नाही. हे तिला नाही सांगितलं.

आज लावलं नाही. नुसती कडी.

१९ डिसेंबर

करंज्या. खोबरं किसताना बोट कापलं, थोडं. शंकरपाळे उद्या. चर्चमधून निरोप आलाय, आपल्या गल्लीत कॅरल सोमवारी, संध्याकाळी.

पूर्वी मंडळी सगळी गल्ली करून शेवटी आमच्याकडे यायची. ठरलेलं. व. खाटेखालून पेटी ओढायचे, दाविदभाऊजी भिंतीला टेकून ढोलकी मांडीवर घ्यायचे, आणि मग उठायचं नावच नाही. गवती चहाचं पातेलं दोनदा चढायचं. भाऊजी दर वर्षी म्हणायचे, "वयनी, करंजीत सारन कमी हाय, हवा जास्ती." आणि दर वर्षी सर्वांत जास्त तेच खायचे. व. आणि ते, दोघांनी कारखान्यात एका खोलीत नोकरी केली. मातीच्या दिवशी भाऊजी शेवटपर्यंत होते. त्यानंतर घरी आले नाहीत. रविवारी चर्चमध्ये मान हलवतात, बस्स.

पेटी समोरच्या खोलीत कपाटाजवळ आहे. वर मी शाळेत भरलेला टेबलक्लॉथ. सोळा महिने कोणी हात लावलेला नाही, मीसुद्धा नाही. मला वाजवता येत नाही. भाऊजींना येते, थोडी. कॅरलच्या मुलांपैकीही एखाद्याला येत असेल.

मागणं एवढंच आहे. सोमवारी सगळ्यांनी आत यावं, चपला काढाव्यात, खोलीत गर्दी व्हावी आणि कोणीतरी ती पेटी ओढावी. या खोलीत तिचा आवाज पुन्हा व्हावा. बाकी नाताळ कसाही होवो.

२१ डिसेंबर, रवि.

चर्चनंतर दाविदभाऊजींना गाठलं. म्हटलं, उद्या या, रंगीत लावलंय. म्हणजे, असं म्हणायचं ठरवलं होतं. "उद्या या," एवढंच मी म्हटलं. ते म्हणाले, "व्हय, पोरं येनार हायेत." पोरं. स्वतःचं नाव घेतलं नाही.

सतरंजी उन्हात घातली. पेटीवरचं कापड धुतलं, वाळवलं, परत घातलं.

२३ डिसेंबर, सकाळ

काल लिहिता आलं नाही.

सगळं तयार होतं. फाटक सताड उघडं, विटा लावून. माळ रंगीत, दोनदा बाहेर जाऊन खात्री केली. ढोलकी लांबून ऐकू आली, कोपऱ्यावरची. मी आत गेले, चहाचं आधण ठेवायला. करंज्या ताटात. तेवढ्यात लाईट गेली आणि आली, डोळा मिटून उघडावा एवढीच. मी गवती चहा कापत होते. इतकी छोटी गेली की गेली असं मनातही आलं नाही. रिमोट फ्रीजवर होता. पदराला बांधणार होते.

मग ढोलकी थांबली. मला वाटलं चपला काढतायत.

आणि गाणं सुरू झालं. सावकाश. बाहेरून.

ताट घेऊन व्हरांड्यात आले तर सगळा व्हरांडा पांढरा. खांब पांढरे, जास्वंद पांढरी, फाटकावर व.चा तारा पांढरा. फाटक उघडं असून त्याच्या बाहेर मंडळी ओळीने उभी, माना खाली. दाविदभाऊजींनी ढोलकी बगलेत धरलेली.

हाक मारायला हवी होती. या, आत या, माळ बिघडलीय, काहीही. पण गाणं चालू होतं. इतकं छान म्हणत होते. व.साठी म्हणत होते. मध्येच कसं थांबवणार. संपलं की बोलवू म्हटलं. संपलं, मी तोंड उघडलं, आणि त्या सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून आमेन गेलं.

ते वळले. हातात ताट होतं म्हणून हातही जोडता आले नाहीत.

चहाचं आधण आटून पातेलं करपलं.

२३ डिसें., दुपार

चंद्रकला: "मी गॅलरीतून बघत हुते. म्हन्लं आता बाई हाक देतील, आता देतील. वरडायचं न्हाई का? मी वरडले असते, पन तुमचं देवाचं चाललेलं, मला वाटलं असंच असतंय." तिला अर्ध्याहून जास्त करंज्या दिल्या. खाऊन म्हणाली, "सारन कमी हाय."

आत येऊन खूप रडले. या वाक्यासाठी.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

सकाळी चर्च. नवी साडी नेसले होते, रेणूने दिलेली, आंबा रंगाची. तरी सगळ्या बायकांनी हळूच हात धरला. 'मेरी ख्रिसमस' कोणी मोठ्याने म्हणेना. मागच्या बाकावरून ऐकू आलं, "अजून सावरल्या नाहीत हो, यंदाही पांढरंच लावलंय." पाळकबाईंना सांगायला गेले, माळ रंगीत होती, लाईट आली की ती आधी पांढरी होते, बटण दाबावं लागतं. त्या माझा हात थोपटत राहिल्या. "असू दे ताई, वेळ लागतो. देवाला घाई नाही." लहान मुलाला समजावतात तसं. अशा वेळी जितकं समजवावं तितकं उलटं दिसतं.

दाविदभाऊजी दिसले नाहीत. बाजूच्या दाराने निघून गेले म्हणे.

दुपारी रेणूचा व्हिडिओ कॉल. युनिफॉर्मवर छोटी लाल टोपी. "कॅरल आले होते ना? पेटी वाजवली?" आले होते, म्हटलं. खोटं नाही. "माळ दाखव." दाखवली, बटण दाबून. निळी झाली. "मस्त, मम्मी!" तिच्यामागून कोणीतरी हाक मारली, फोन ठेवला.

जेवण: कालचा पुलाव.

२८ डिसेंबर, रवि.

गुडघा दुखत होता. चर्चला गेले नाही. खरं कारण गुडघा नाही.

रोज संध्याकाळी रंग लावते. लाईट गेली की परत. कोणासाठी, असं चंद्रकलेने विचारलं नाही, मीच विचारते.

३१ डिसेंबर

वर्षअखेरीची उपासना. गेलेच.

संपल्यावर बाहेर वडाच्या पारावर दाविदभाऊजी एकटे बसलेले. या वेळी मीच जाऊन उभी राहिले. सगळं एका दमात सांगितलं. रेणूने रंगीत पाठवली, मी रंगीतच लावली होती, लाईट गेली, मी स्वयंपाकघरात होते, मला तुम्ही आत यायला हवे होतात.

त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली. मग म्हणाले,

"वयनी, म्या बघितलं हुतं. कोपऱ्यावरून. निळं, लाल, हिरवं. पोरं म्हन्ली, चला, आज वसंतसरांकडं आत बसायचं. पेटी दिसनार, अन् तिच्यामागं तो न्हाई. म्हन्लं देवा, कसं करू. तवर लाईट गेली न् आली, अन् सगळं पांढरं. मी पोरांला म्हन्लं, हळू घ्या. एक पोरगं म्हन्लं, आत्ता तर रंगीत हुतं. त्याला मी गप केलं."

मी पारावर शेजारी टेकले.

"चुकलं माझं," म्हणाले. मी म्हटलं, चूक कसली. मला राग यायला हवा होता. आलाही असेल, खाली कुठेतरी. पण त्यांच्या हातातली ती टोपी. उलटी, सुलटी, उलटी. व.नीच आणली होती ती, भंडारदऱ्याच्या सहलीहून, थंडीत दोघांना एकेक. व.ची कपाटात आहे.

"पेटी तितंच हाय का?"

तिथंच आहे.

"हां," म्हणाले. मग परत, "हां."

येतो म्हणाले नाहीत. नाही येत असंही म्हणाले नाहीत.

१ जानेवारी

आले नाहीत. नवीन वर्ष. रेणूला झोपू दिलं, फोन नाही केला.

सोळा महिने मला वाटत होतं, त्या पेटीपाशी मी एकटीच आहे.

३ जानेवारी

पेटीवरचं कापड काढलं. घडी केली. झाकण उघडलं. मधल्या दोन पट्ट्या पिवळ्या पडल्यात, तिथे व.ची बोटं जास्त असायची. भाता सैल करून एक पट्टी दाबली. आधी नुसता श्वास. मग सूर आला, थोडा घोगरा. किती वेळ धरून ठेवला.

भिंतीपलीकडून चंद्रकलेचा आवाज. "कोन आलंय वं, बाई?"

"कोणी नाही. मीच."

थोड्या वेळाने परत तिचाच. "मंग वाजवा की. थांबलात कशाला?"

वाजवता येत नाही म्हणून ओरडून सांगितलं. "मला कुटं येतं ऐकता!"

झाकण लावलं नाही. उघडीच ठेवलीय.

६ जानेवारी

तीन राजांचा दिवस. आज माळा काढायच्या असतात. व. या दिवशी तारा उतरवून कागद फुंकून साफ करायचे, पुढच्या वर्षीसाठी. सकाळी स्टूल बाहेर आणलं, चढले नाही. चंद्रकला गॅलरीतून, "माझ्या दिवाळीच्या अजून हायत. तुमाला कशाची घाई?" स्टूल आत ठेवलं.

चर्चहून येताना, रविवारी, भाऊजींच्या सुनेने थांबवून विचारलं होतं, आई, तुम्ही संध्याकाळी घरी असता का? असते म्हटलं. रोज असते. तिने का विचारलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून आधणापुरतं पाणी काढून ठेवते. गवती चहा कुंडीतलाच आहे. करंज्या डब्यात थोड्या उरल्यात, मऊ पडल्या असतील.

सात वाजलेत. लाईट गेली आत्ताच. मेणबत्तीवर लिहितेय. या उजेडात पेटीच्या पट्ट्या छान दिसतात. रिमोट इथेच ठेवलाय, वहीशेजारी. आली की आधी बटण.

आली. खिडकीतून दिसतंय, जास्वंद पांढरी झाली. दाबते

फाटकाची कडी वाजली. चंद्रकला नाही, ती गॅलरीतून हाका मारत येते. बाहेर पांढरंच आहे अजून, आणि कडी परत वाजतेय, कोणीतरी हळूच फाटक ढकलतंय